वीस हजार कव्हरं

पहिल्यांदा तो आला तेव्हा त्याच्या फोनची काच तडकली होती. मी नवी बसवून दिली, एकही बुडबुडा न ठेवता. दोन दिवसांनी स्वारी पुन्हा हजर!

"परत पडला?"

"पडला..."

"की पाडला?"

तो कानापर्यंत लाल झाला. नाव तिंगवेई, शर्टाचं वरचं बटण कायम चुकीच्या काजात. मग तो आठवड्यातून तीनदा यायला लागला आणि ह्वाछ्यांगपेईच्या मोबाइल बाजारातल्या आमच्या मजल्यावर सगळे मला चिडवू लागले. खोटं कशाला बोलू, मला आवडत होतं.

सप्टेंबरात बाजाराला ताप चढतो. दोन दिवसांनी एका बड्या कंपनीचा नवा फोन येणार होता. तो जगाला दिसायच्या आत आमची कव्हरं तयार हवीत, कारण पहिल्या आठवड्यात विकेल त्याचंच वर्ष. कॅमेऱ्याचं भोक कुठे? कुठूनसा फुटलेला एकच फोटो अख्ख्या इमारतीत फिरत होता, त्यात ते कोपऱ्यात होतं. बाबांनी वीस हजार कव्हरांचा साचा ठरवला. कारखान्याला होकार त्याच संध्याकाळी सहापर्यंत कळवायचा होता. गाळ्याचा करार महिनाअखेरीला संपत होता. ही खेप फसली, तर गाशा गुंडाळून गावी शांतौला.

त्या दिवशी पाचला तिंगवेई आला. बाबा मागे खोकी लावत होते. मी त्याच्यापुढे चहाची इवलीशी वाटी ठेवली. तो वाकला आणि खिशातून त्याचं ओळखपत्र घसरून बाहेर आलं.

"तू... त्याच कंपनीत आहेस?"

"सांगायची परवानगी नाही गं." तो ओशाळून हसला. मग त्याची नजर टेबलावरच्या नमुन्याच्या कव्हरावर गेली आणि हसू मावळलं.

"सुयिन, ते भोक—"

मी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याचा श्वास तळव्याला लागला... गरम, घाबरलेला.

"गप्प!"

"पण तुझं दुकान—"

"गप्प म्हटलं ना! नोकरी घालवायचीय? जा आता."

तो गेला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याचा चेहराच सगळं बोलला होता.

सहाला पाच मिनिटं कमी असताना बाबा फोन हातात घेऊन आले. "काय गं, सोडू ऑर्डर?"

थांबवा म्हटलं की बाबा विचारणार, का? आणि बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तासाभरात इमारतीला कळलं असतं, उद्या त्याच्या साहेबांना. बाबांचं बोट बटणावर होतं. बावीस वर्षं त्यांनी या गाळ्यात काढली होती.

"सोडा," मी म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी अख्खा मजला टीव्हीच्या पडद्यांना चिकटला होता. टाळ्या, शिट्ट्या, दिव्यांचा लखलखाट. मंचावरच्या माणसाने फोन हळूहळू फिरवला...

भोक मधोमध होतं.

पलीकडच्या गाळ्यात कुणीतरी शिवी हासडली. बाबा मटकन खाली बसले. मला रडू फुटलं. त्यांच्याकडे बघायचा धीर होईना.

तासाभराने तिंगवेई धापा टाकत दारात उभा राहिला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. "सुयिन, आता बोलू?"

"आता काय उरलंय? जगाला कळलं."

"हे नाही कळलं. मला तू... म्हणजे मला... तू मला फार आवडतेस."

"ए!" बाबा उठले. "तू त्या कंपनीतला? आणि परवा इथे बसून चहा प्यालास? एक शब्द बोलला नाहीस?"

"बोलायलाच आलो होतो काका. हिने तोंड दाबलं."

बाबा माझ्याकडे वळले. "म्हणजे तुला ठाऊक होतं? तरी सोडा म्हणालीस?"

"त्याची नोकरी गेली असती, बाबा." मी डोळे पुसले. "आणि मलाही तो आवडतो. फार."

बाबांनी एकदा सकाळीच आलेल्या कव्हरांच्या खोक्यांच्या थप्पीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"वीस हजार कव्हरं..." ते शेवटी खोल आवाजात म्हणाले. "अख्ख्या बाजारात इतका महाग जावई कुणाला पडला नसेल. उभा काय ठेवलायस त्याला? बसव!"