उलटी घडी

शनिवारी दुपारी थोरली नेहमीसारखी वेदीची कापडं धुवायला चर्चमध्ये गेली. सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता तो. वेदीमागच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली फक्त तिच्याच कमरेला असे. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ज्या चौकोनी कापडावर प्रभूची भाकर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीरच मानलेली, ठेवतात, ते ती आधी नुसतं भिजवायची. ते पहिलं पाणी गटारात न सोडता मातीत ओतायची. मग धुऊन, इस्त्री करून घडी घालायची, ती नेहमी आतल्या बाजूला. कापडावर त्या भाकरीचा एखादा कण राहिलाच, तर तो जमिनीवर सांडू नये म्हणून.

तिनं कपाट उघडलं आणि हात तिथंच थबकला. कापड धुतलेलं होतं. इस्त्रीही झालेली. पण घडी बाहेरच्या बाजूला घातलेली.

अशी उलटी घडी एकच बाई घालायची. तिची धाकटी जाऊ. आणि धाकटीला पुरून सहा आठवडे झाले होते.

धाकटी पूर्वी चर्चची पायरी चढत नसे. तिच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा एक दिवस आली, शेवटच्या बाकावर तासभर रडली आणि उठली ती निराळीच होऊन. दुखणं तसंच राहिलं, भीती मात्र गेली.

"ताई, कुणीतरी माझं ओझं उतरवून घेतलं हो," ती म्हणाली होती. "मी काहीच केलं नाही. नुसते हात पसरले."

काहीच केलं नाही! थोरलीला तेच सलत राहिलं. सव्वीस वर्षं कापडं घासून तिच्या स्वतःच्या बोटांची सालटी निघाली, आणि आतली विहीर कोरडी ठणठणीत. धाकटी मात्र काल आली आणि काठोकाठ भरली. त्यात फुलं मांडणारी बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "जावेशेजारी बसत जा हो जरा, उडाला तर उडेल एखादा थेंब तुमच्याही अंगावर!" बायका हसल्या. थोरलीही हसली. पण पोटात निखारा पडला तो पडलाच.

पुढं धाकटीनं लाडानं हट्ट धरला, "मलाही शिकवा ना, ताई." थोरलीनं शिकवलं. घडी बाहेरच्या बाजूला घालायला शिकवलं.

फादरांना वेदीखाली कण सापडले. ते धाकटीला चारचौघांत बोलले. तिनं मान खाली घातली. "चुकलं माझं, फादर." कुणी शिकवलं ते सांगितलं नाही. तिला सगळं ठाऊक होतं की काहीच नव्हतं, हे थोरलीला कधी कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. अंत्यविधीला सारे धाकटीचे गुण गात होते, तेव्हाही थोरली पुटपुटली, "मेल्या म्हशीला मणभर दूध," आणि स्वतःचीच जीभ चावली.

थोरलीनं कापड मुकाट्यानं सरळ घडी घालून ठेवलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी ती लवकर आली, दार आतून लावून स्टुलावर बसली. बाहेर लख्ख ऊन. खोलीत चिटपाखरू नाही. मग हळूहळू ओल्या सुताचा वास यायला लागला... आणि टेबलावरची इस्त्री सरकल्याचा आवाज... एकदा... पुन्हा एकदा...

"ताई... बरोबर झाली का घडी?"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. 'बरोबर' एवढा एकच शब्द, की सुटका. तो अगदी जिभेवर आला होता.

"सांगा ना, ताई..."

"नाही गं," ती म्हणाली. "चुकीची आहे. मीच... मुद्दाम तशी शिकवली. तुझ्यावर जळत होते मी... अजूनही जळते."

मग अगदी कानाशी, "मग नीट शिकवा."

थोरलीनं कापडाची कड धरली. समोरची कड आपोआप ताणली गेली. दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरलं होतं. दोघींनी मिळून घडी घातली. आत, पुन्हा आत.

मग ती गुडघ्यांवर कोसळली. हातात काहीच उरलं नव्हतं, ना काम, ना मान, ना बढाई. तिनं ते रिकामे हात तसेच पसरले. आणि आत कुठंतरी झरा फुटला. मागितलेला नाही, कमावलेला नाही. ती पोरासारखी हुंदके देत राहिली.

संध्याकाळी तिनं फादरांजवळ सगळं कबूल केलं. त्यांनी क्षमा दिली आणि एवढंच म्हणाले, "उद्या ये. प्रभूनं बोलावलंय."

रविवारी ती वेदीसमोर सगळ्यात शेवटी गुडघे टेकून बसली. डाव्या हाताला कुणी नव्हतं. फादर ओळीनं भाकर देत आले, आणि तिच्या अलीकडं, त्या रिकाम्या जागेपाशी थांबले. त्यांचा हात खाली गेला. "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," हळूच उत्तर आलं.

फादरांचा चेहरा पांढराफटक पडला. वर आलेल्या त्यांच्या बोटांत काहीच नव्हतं.

आणि आदल्या दिवशीच क्षमा मिळालेल्या थोरलीच्या मनात, तिच्याही नकळत, तोच जुना निखारा फुलला: आधी तिलाच...

शेजारून कुणीतरी अगदी मायेनं हसलं.