बिरिबोचा बाप्तिस्मा

टोंगाहून मिशनवर आलेल्या लोलोहेआचा नोनौती बेटावरचा दिवस झाडूनं सुरू व्हायचा. प्रार्थनाघरासमोरची वाळू झाडायची, गळून पडलेले नीरफणस उचलायचे, मग सायकल काढून घरोघर जायचं. कुठे आजाऱ्यासाठी प्रार्थना, कुठे छपराला झावळ्या बांधायला हात. शेवटचं घर बिरिबोचं. हा म्हातारा कोळी माडी पीत बसलेला असायचा आणि लांबूनच हाक मारायचा, "ये रे टोंग्या. आज कोणता पापी सापडला?"

बाप्तिस्म्याचं नाव काढलं की म्हणायचा, "जन्म गेला माझा पाण्यात बुडण्यात. तुझ्या एका बुडीनं काय धुऊन निघणार?"

पण बायको रोटिया हट्टाला पेटली, तेव्हा अखेर त्यानं मान तुकवली.

शनिवारी भरतीच्या वेळी, लख्ख उन्हात, लोलोहेआ आणि बिरिबो बेटालगतच्या शांत, उथळ लगूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. किनाऱ्यावर मंडळी गात होती.

"भीती वाटली तर माझं मनगट धरा, आजोबा," लोलोहेआ म्हणाला.

"भीती कसली? तू सोडू नकोस म्हणजे झालं."

लोलोहेआनं वचन म्हटलं आणि त्याला मागे वाकवून पाण्याखाली घेतलं. मनगटावर म्हाताऱ्याची बोटं आवळली. मग सुटली. क्षणभर हातात काहीच उरलं नाही. जाळं फाटून मासळी निघून जावी तसं. लगेच वजन परत आलं. आधीपेक्षा जड, आणि गार. त्यानं जोर लावून ते वर उचललं.

बिरिबोला ठसका लागला नाही. त्यानं डोळेही पुसले नाहीत. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघत तो म्हणाला, "मी आपला फार आभारी आहे."

रोटिया पंचा घेऊन पाण्यात उतरली होती. ती अर्ध्यातच थांबली.

मंडळी मात्र खूश झाली. बिरिबोची माडी सुटली, थट्टा सुटली. पूर्वी त्याचा सूर कधी लागत नसे. आता तो सगळी स्तोत्रं बिनचूक म्हणायचा. सकाळी लोलोहेआ झाडू घेऊन जाई, तर वाळू आधीच झाडलेली असायची आणि बिरिबो दारात हात जोडून उभा. त्यानं होडी मात्र उलटी घालून ठेवली होती. मासेमारीला तो पुन्हा गेला नाही.

सुरुवातीला लोलोहेआला अभिमान वाटला. मग एकदा प्रार्थना चालू असताना त्यानं सहज डोळे किलकिले केले. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. बिरिबोचे उघडे होते, आणि ते लोलोहेआवरच होते. तेव्हापासून तो प्रार्थना घाईनं उरकू लागला.

एका दुपारी रोटिया त्याला विहिरीवर गाठून म्हणाली, "त्या माणसाला माझ्या घरातून न्या."

"आजी, माणूस बदलतो. त्यासाठीच तर बाप्तिस्मा असतो."

"स्वभाव बदलतो. व्रण जागा बदलतो का? त्याच्या उजव्या तळव्यात गळ रुतला होता, मीच उपसून काढला. ह्याचा व्रण डाव्या हाताला आहे." तिचा आवाज चढला नाही. "माझा बिरिबो पाण्यातच राहिलाय. त्याला बाहेर काढा."

"बाप्तिस्मा दोनदा देत नाहीत, आजी."

"बाप्तिस्मा नको. नुसता हात घाला."

तिची समजूत काढायची, एवढ्याचसाठी आपण जातोय, असं स्वतःला बजावत पुढच्या भरतीला तो त्या जागी गेला. पाणी स्वच्छ होतं. तळाची पांढरी वाळू दिसत होती. तिथे कोणी नव्हतं.

त्यानं प्रार्थना सुरू केली. पुढचे शब्द आठवेनात.

त्यानं हात कोपरापर्यंत बुडवला.

मनगटाभोवती बोटं मिटली.

ती दिसत नव्हती. पण ती थरथरत होती, घाबरलेल्या माणसाची थरथरावी तशी. तळव्यातला खरखरीत व्रण त्याच्या कातडीला लागला. नुसतं ओढायचं होतं. एवढंच करायचं होतं.

लोलोहेआनं हिसका देऊन हात सोडवला आणि तो किनाऱ्याकडे पळाला.

ओली वाळू जिथे संपत होती, बरोबर तिथे बिरिबो उभा होता. "कोणी होतं का, साहेब?"

"नाही."

"बरं झालं."

मागे केवड्याच्या झाडाखाली रोटिया बसली होती. तिनं त्याच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे लाल वळ उठले होते. ती उठली आणि निघून गेली.

रविवारी उपासनेनंतर बिरिबोनं मंडळीला विनवलं: भरतीचं पाणी घरांपर्यंत येऊ लागलंय, किनाऱ्याला बांध घालू या. ते खरंच होतं. सगळा गाव पोवळ्याचे दगड वाहू लागला. लोलोहेआनंही वाहिले. रोटियानं एकाही दगडाला हात लावला नाही.

बाप्तिस्म्याच्या जागेसमोर बांध छातीपर्यंत चढला. पण रोज सकाळी वरचा थर उतरलेला असायचा. लाटांचं काम, लोक म्हणायचे. लाटा दगड जमिनीकडे फेकतात. हे दगड मात्र पाण्याच्या बाजूला, एकाशेजारी एक, नीट मांडून ठेवलेले असायचे. लोलोहेआ सगळ्यांच्या आधी तिथे जायचा आणि कोणी पाहायच्या आत ते उचलून पुन्हा वर रचायचा. हात पाण्याला लागणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यायचा.