पहिली फेरी

हे कोणाला सांगायचं नाही, असं थोरल्या काकांनी आम्हा चौघा भावंडांना बजावलं होतं. पण माझ्या पोटात ते राहत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

परवा रात्री वीज गेली होती. काका म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक लिफ्टमेस्त्री होता. खरी गोष्ट आहे. ज्याला घाबरायचं असेल त्यानं आत्ताच आईच्या कुशीत जाऊन झोपावं."

"तुम्हीच घाबराल, काका," माझा भाऊ म्हणाला. काका हसले नाहीत.

तर त्या मेस्त्रीला मार्चमधल्या एका मंगळवारी, रात्री सव्वाअकराला फोन आला. एका सहा मजली इमारतीची लिफ्ट अडकली होती. घरी त्याची वाट पाहणारं कोणी नव्हतं. पिशवी उचलून तो निघाला, पण पत्ता त्यानं दोनदा विचारून घेतला होता.

त्या कामात एक रीत आहे. दुरुस्ती झाली की लिफ्टच्या नोंदीच्या कार्डावर दोन सह्या करायच्या, एक तपासणीची आणि दुसरी पहिल्या फेरीची. पहिली फेरी मेस्त्रीनं स्वतः मारायची, एकट्यानं. मगच लोकांनी बसायचं. एकोणीस वर्षांपूर्वी याच इमारतीत, घरी जायच्या घाईत, त्यानं ब्रेक न तपासता दोन्ही सह्या ठोकल्या होत्या. पहिली फेरी झाली ती चौथ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची. लिफ्ट कोसळली, त्या वाचल्या नाहीत. दोष जुन्या तारेवर गेला.

खरं काय ते त्यानं फक्त बायकोला सांगितलं.

"त्यांच्या घरी जाऊन कबूल करा," ती म्हणाली.

"काय कबूल करू? तेव्हाचा मी वेगळाच होतो. तो माणूस केव्हाच मेला."

ती माहेरी गेली, ती परत आलीच नाही.

त्या रात्री मेस्त्री सहा मजले चढला. गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत ब्रेक नीट केला, तीनतीनदा तपासला. पहिली सही केली. दुसरा रकाना मोकळा ठेवून तो सहाव्या मजल्यावर आला आणि बटण दाबलं.

लिफ्ट तळमजल्यावरून निघाली. तार ताणल्याचा आवाज आला. आत वजन होतं.

"मामा, आत कोणी बसलं का?" त्यानं जिन्यातून पहारेकऱ्याला विचारलं.

"छे हो! मी इथे खुर्चीतच आहे. आणि जागा आहे बरं का!"

दोन... तीन... चौथ्यावर थांबली. मग पुन्हा निघाली.

दार उघडलं.

आत एक तरुण. खांद्याला तीच पिशवी. मनगटावर मेस्त्रीच्या मनगटावर होता तसाच भाजल्याचा डाग, पण ताजा. आणि चेहरा... तो मेस्त्रीच्या जुन्या ओळखपत्रावर होता.

"मी मेलो म्हणतोस ना? म्हणून इथेच राहतो. एकटा."

"ते... ते मी नव्हतो."

"मग कोण होतं?"

मेस्त्री एक पाऊल मागे सरला.

"मीच होतो, एवढं म्हण. मग दोघं खाली जाऊ."

मेस्त्री जिन्याकडे पळाला. पाचवा मजला. लिफ्टचं दार उघडं. चौथा. उघडं. आत दिवा चालू. तिसरा...

तळाशी लिफ्ट रिकामी होती. सकाळी तो गच्चीवर राहिलेलं कार्ड आणायला गेला, तर दुसरा रकाना भरलेला.

"मग त्यानं कधी कबूल केलं?" मी विचारलं.

काकांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. "अजून नाही, बाळा."

काकांचे गुडघे दुखतात. तरी आमच्या पाचव्या मजल्यावर ते जिन्यानंच येतात. आज त्यांचा चष्मा शोधताना त्यांच्या पिशवीत एक पिवळं कार्ड सापडलं. त्यावरच्या दोन सह्यांपैकी दुसरीची शाई पार विटलेली आहे, पण वळण एकच. मी ते ओळखते, कारण बाबा बाहेरगावी असले की माझ्या प्रगतिपुस्तकावर काकाच सही करतात.

आई हाक मारते आहे. कार्ड दाखवल्यावर काका त्या बाईंच्या घरी कबूल करायला निघालेत, तेही लिफ्टनं, पण आत आधीच कोणीतरी उभं आहे म्हणतात, म्हणून मला सोबत बोलावतायत.