रिकाम्या काचपेटीतली पेनी

साल १९५८. कात्र्या-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शेफिल्डच्या पोलादभट्ट्यांची काजळी तेव्हा अजून खिडक्यांच्या पडद्यांवर बसत असे.

त्या सकाळी गुप्तहेर हेस्टर डंगवर्थने मैत्रीण आयव्हीला वाढदिवसाची भेट म्हणून कात्री दिली. आयव्हीने आधी तिच्या हातावर एक पेनीचं नाणं ठेवलं.

"आपल्याकडे कात्री फुकट घेतली तर मैत्री कापली जाते, बाई!"

तेवढ्यात पेल्हमसाहेब आले. लंडनहून इथे राहायला आलेले, जुन्या कात्र्यांचा भारी नाद. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, मुठीवर वेलबुट्टी कोरलेली त्यांची लाडकी कात्री काचपेटीतून नाहीशी झाली होती.

"मोलकरीण नेलीचंच काम! संध्याकाळी पोलिसांत देतो तिला. वर चिडवायला पेटीत पेनी ठेवलीय!"

"कुलूप?"

"शाबूत. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी बायकोकडे."

पेल्हमसाहेबांच्या घरी त्यांचा लंडनचा पुतण्या क्लेमंट भेटला. जुन्या वस्तूंचा व्यापारी.

"मी चोरली असती, तर एकच कशाला नेली असती?" तो हसला.

नेलीचे डोळे मात्र रडून सुजले होते. "ती माझ्या आजोबांनी कानशीने कोरलेली, बाई. पात्यावर नाव कारखानदाराचं. पण चोरी नाही केली मी. याहून जास्त नका विचारू."

कोपऱ्यात मिसेस पेल्हम विणत होत्या. टाके गळत होते.

"क्लेमंटच असणार," आयव्ही कुजबुजली.

"अगं, सकाळी तू मला पेनी का दिलीस?"

"कात्री दिलीस म्हणून."

"चोरली असतीस तर?"

आयव्हीने आ वासला.

हेस्टर सर्वांकडे वळली. "चोर पेनी देत नाही, ज्याला भेट मिळते, तो देतो. तेही इथलाच माणूस. लंडनच्या लोकांना ती पेनी म्हणजे टिंगल वाटली. म्हणजे कात्री नेलीने घेतली, पण कुणीतरी दिली म्हणून. कुलूप न तोडता पेटी कोण उघडणार? साहेब स्वतः तर देणार नाहीत. मिसेस पेल्हम, बोलता की मी बोलू?"

सुया थांबल्या. "तिच्या आजोबांची होती... यांना सांगायची भीती वाटली. तिलाही गप्प बसायला सांगितलं."

"आणि तिला तुरुंगात जाऊ देणार होतात?"

त्या खाली बघून गळलेले टाके उचलू लागल्या.

पेल्हमसाहेबांनी नेलीची माफी कधी मागितली नाही. ते वारल्यावर क्लेमंटने सगळ्या कात्र्या विकल्या. नेलीची तेवढी तिच्या नातीकडे आहे, आणि आयव्हीची शिवणाच्या डब्यात.

मिसेस पेल्हम म्हातारपणी नेलीला चहाला बोलावत राहिल्या. नेली गेली नाही. पेनी दिली होती, तरीही.