हॅटीच्या घळीतलं पाणी

हॅटीच्या घळीच्या अगदी माथ्याशी, खडकाच्या कपारीत एक झरा ठिबकतो. त्याचं बाटलीभर पाणी दिवस मावळायच्या आत नेड्राच्या ओठांशी पोहोचवायचं, एवढ्यासाठी वर्ला त्या सकाळी एकटी निघाली होती.

नेड्रा तिची मोठी बहीण. दक्षिण युटाच्या त्या लाल खडकांच्या मुलखात दोघी जन्मल्या, दोघी म्हाताऱ्या झाल्या, आणि आता नेड्रा खिडकीशी टाकलेल्या खाटेवर पडून होती. डॉक्टरांनी औषधं थांबवली होती. उरल्या होत्या त्या फक्त दुखणं निजवणाऱ्या गोळ्या. किती दिवस, ते कोणी विचारत नव्हतं.

"सूपही पुठ्ठ्यासारखं लागतं," आदल्या दिवशी ती म्हणाली होती. "हॅटीच्या पाण्याची तेवढी चव आठवते. खिळा चाटल्यासारखी."

"मग आणते की."

"साठी उलटली तुझी, वर्ला. तुझे गुडघे करकरतात ते मला इथे पडल्या पडल्या ऐकू येतात."

"गुडघ्यांना विचारतंय कोण?"

"बरं, जा. पण वाटेतल्या लगोऱ्या पाडत बसू नकोस."

"पाडणारच. घळ म्हणजे काय हमरस्ता आहे, पाट्या लावायला?"

"मग तू कुठे पडलीस की तुझ्यावरच एक रचू," नेड्रा म्हणाली आणि डोळे मिटून हसली.

त्या मुलखात घळी तुडवणाऱ्यांचे दोन पंथ. मागून येणाऱ्याला वाट सापडावी म्हणून दगडावर दगड ठेवून लगोरी रचणारे, आणि ती दिसली की लाथेने उडवणारे. वर्लाचे बाबा दुसऱ्या पंथातले. गुरं हाकण्यात त्यांचा जन्म गेला. ज्याला वाट कळत नाही त्याने घरी बसावं, म्हणायचे. घळीत शिरताना मात्र पोरींसाठी एक गाणं गुणगुणायचे:

जाताना वळून बघ, पोरी, वळून बघ;
दगडाला दोन तोंडं, दोन्ही ओळखून निघ.

ऑक्टोबरचं कोवळं ऊन वरच्या कड्यांवर सांडलं होतं आणि खाली वाळूत अजून रात्रीचा गारवा निजला होता. पिवळ्या पडलेल्या कॉटनवुडच्या झाडांची पानं वारा नसतानाही आपसांत काही बोलत होती. कड्यात कुठेतरी बसलेला एक चिमणा पक्षी वरच्या सुरावरून पायरी पायरी उतरत खालच्या सुरावर येऊन थांबायचा. वर्ला त्याला ओळखत होती. घळीत येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण पक्षी तोच वाटला.

पुढे भिंती जवळ आल्या. आभाळाची चिंधी झाली. मग आला घळीचा घसा, पाण्याने घासून गुळगुळीत केलेली अंधारी चीर. तिच्यातून कोणी जात नाही. उजव्या भिंतीवर चढून एका अरुंद कंगोऱ्यावरून घसा खाली ठेवायचा आणि पलीकडे पुन्हा घळीत उतरायचं, अशी वाट. कंगोऱ्याच्या तोंडाशी कोणीतरी लगोरी रचली होती. वर्लाने ती बुटाच्या टोकाने सहज लोळवली.

वरच्या टोकाला, जिथे कंगोरा घळीत उतरतो, तिथे दुसरी होती. छान निगुतीने रचलेली, आणि माथ्यावर अंड्याएवढा पांढरा गोटा. लाल दगडांच्या डोक्यावर तो मोत्यासारखा चमकत होता.

"टोपीसुद्धा घातलीय बाईने," वर्ला म्हणाली, आणि लाथ मारली.

दगड खडखडत विखुरले. ती हसली, आणि हसता हसता पुढे गेली. मागे वळून बघायचं मात्र राहून गेलं.

झरा जिवंत होता! हिरव्या नेच्यांच्या केसांतून थेंब थेंब ओघळत होता. बाटली भरायला बराच वेळ लागला. तोवर तिने भाकरीचा तुकडा आणि सुकवलेले जर्दाळू खाल्ले, आणि स्वतःजवळचं घरचं पाणी संपवलं. झऱ्याचं पाणी तिने चाखलं नाही. पहिला घोट नेड्राचा.

परतीला उन्हाने कूस बदलली होती. सकाळी उजळ असलेल्या भिंती आता काळवंडल्या होत्या, आणि सावलीतल्या भिंतींना उन्हाने वेगळेच चेहरे दिले होते. वर्ला झपझप उतरत होती. कंगोरा आता येईल, या वळणानंतर येईल. वळण आलं. भिंती जवळ आल्या. एका घसरणीशी ती थांबली. इथे अशी घसरण होती? असेल. मधल्या वर्षांत पुरांनी काय काय हलवलं असेल!

तिकडची जुनी खोड आहे, पाठीवरची पिशवी आधी खाली टाकायची आणि मग आपण घसरायचं. तिने पिशवी टाकली. मग बसली, सरकली, आणि खाली वाळूत आदळली.

चार पावलं पुढे जमीन संपली.

समोर विहिरीसारखी काळी खोल पोकळी. आत एक खडा टाकला, तो आपटल्याचा आवाज फार उशिरा आला.

हा घसा होता! ती त्याच्या आत होती.

ती वळली. घसरणीचा खडक आरशासारखा गुळगुळीत. हात उंचावले तरी काठ आणखी हातभर वर. तिने उडी मारली. बोटं सरकली. पुन्हा उडी. नख मुळातून तुटलं, गुडघा खडकावर आपटला, आणि ती खाली कोसळली.

फोन? त्या घळीत फोन म्हणजे नुसती काच.

"कोणी आहे का?" ती ओरडली. घळीने तिचाच आवाज तिच्या तोंडावर फेकला.

मग भीती आली. कानांत स्वतःचं काळीज कोणीतरी दार ठोठावावं तसं ऐकू यायला लागलं. ती कुठे गेलीय हे फक्त नेड्राला ठाऊक. नेड्रा गोळीच्या गुंगीत. ती जागी होईल, खिडकीतून अंधार बघेल, हाक मारेल. शेजाऱ्यांना कळून माणसं यायची म्हणजे उद्या उजाडणार. रात्री इथे दगडही गारठून तडकतो. आणि आजच्या रात्री नेड्राला काही झालं तर? एकटी. पाण्याची वाट बघत.

भिंतीला पाठ लावून वर्ला लहान मुलीसारखी रडली. रडता रडता ते गाणं ओठांवर आलं, जाताना वळून बघ, पोरी. आणि गाण्यामागून बाबा आले, कमरेला दोर, हातात वाळूने भरलेली गोणी. असेच एकदा, वळून न बघता, अडकले होते ते. गोणी भरून काठापल्याड फेकली होती. वजन आपल्याला धरतं, पोरी. दगड धरत नाही, वजन धरतं.

दोर तिच्याकडे होता. त्या मुलखातलं माणूस दोराशिवाय घळीत शिरत नाही. तिने पिशवी वाळूने भरली, तोंड आवळलं, दोर बांधला. पिशवी उचलली तशी वाळू पायांवर सांडू लागली. खाली टाकताना पिशवीची शिवण उसवली होती. फडकं कोंबलं. कोरडी वाळू पिठासारखी, तरीही गळतच राहिली. फेकायच्या आत पिशवी निम्मी रिकामी.

ओली वाळू गळत नाही.

तिने बाटलीकडे पाहिलं. भरलेली, गच्च झाकण लावलेली. बाहेरून दव धरलेली.

"नेड्रा," ती म्हणाली, "रागावू नकोस गं."

आणि तिने झाकण उघडलं. पाणी वाळूत ओतलं. हलके हलके, शेवटच्या थेंबापर्यंत. वाळू काळी झाली, जड झाली, मुठीत गोळा होऊ लागली. रिकामी बाटली तिने कमरेला खोचली.

काठावर एक मोठा धोंडा दोन भिंतींत अडकून बसला होता. पिशवी त्याच्या पलीकडे पडायला हवी होती. तिने फेकली. पिशवी खडकावर आपटून तिच्या खांद्यावर आली. पुन्हा फेकली. काठाला शिवली आणि घसरली. दंड पेटले. घळीतला उजेड तांबूस होत चालला. पुन्हा! या वेळी पिशवी धोंड्यावरून पलीकडे गेली. धप्प! तिने दोर हळूच ओढला. सरकला. सरकला. आणि अडला.

दोर मनगटाला गुंडाळला. पाय खडकावर. एक पाऊल. दुसरं. दोर करकरला. बूट निसटला, ती लोंबकळली, किंचाळायलाही श्वास नव्हता. गुडघा टेकवला. कोपर काठावर. छाती काठावर. ती वर आली, आणि धोंड्याला मिठी मारून तशीच पडून राहिली.

पण वाट अजून कुठे सापडली होती? अंधारायच्या आत कंगोरा मिळाला नाही तर वर काय आणि खाली काय. बरीचशी वाळू ओतून तिने पिशवी पाठीला लावली आणि ती मागे चालू लागली. भिंतीतली प्रत्येक भेग कंगोऱ्यासारखी दिसे, हात लावला की नुसती सावली निघे. लाल दगड, लाल दगड, सगळे एकाच आईचे. आपण पाडलेली लगोरी यातली कुठली? लाथेने तिने खूण अशी पुसली होती की तिला स्वतःलाही सापडेना.

आणि मग पायाशी, वाळूत, पांढरं काहीतरी दिसलं.

गोटा.

तिने मान वर केली. डोक्यावर, सावलीत लपलेला, कंगोरा होता.

ती लगेच चढली नाही. उजेड चालला होता, तरी गुडघ्यावर बसून तिने दगड गोळा केले. एकावर एक ठेवले. एकदा ढासळले, पुन्हा ठेवले. सगळ्यांत वर पांढरा गोटा. मग भिंतीला गाल घासत ती कंगोऱ्यावरून निघाली. पलीकडच्या टोकालाही, मावळत्या उजेडात, तिने दुसरी लगोरी उभी केली.

घरी पोहोचली तेव्हा अंधार पडला होता आणि खिडकीत दिवा होता. नेड्रा जागी होती.

"कुठल्या अस्वलाशी झोंबलीस?"

"घशात उतरले." वर्ला खाटेशी बसली. बाटली उशाशी ठेवली. "रिकामी आहे. भरली होती गं. वाळूत ओतावी लागली, वर यायला." आणि तिने सगळं सांगितलं.

नेड्रा ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पिशवी दे इकडे."

पिशवीच्या तळाशी मूठभर वाळू अजून ओली होती. नेड्राने हात आत घातला, बोटं नाकाशी नेली. मग एक बोट जिभेला लावलं.

"खिळा," ती म्हणाली. "अजून तोच खिळा."

वर्ला रडू लागली, तशी ती म्हणाली, "वरच्या लगोरीवर पांढरा गोटा होता ना?"

वर्लाने मान वर केली. "तुला काय ठाऊक?"

"मीच नेला होता नदीतून. दोन वर्षांपूर्वी, तू कुणाच्या तरी लग्नाला परगावी गेलीस तेव्हा. पाय चालत होते तेव्हा माझे. म्हटलं, बाबांसारखीच तूही वळून बघायची नाहीस, म्हातारपणी तर नाहीच."

"मला बोलली नाहीस कधी."

"बोलले असते तर दुसऱ्याच दिवशी पाडून आली असतीस."

वर्लाने तिचा वाळूने माखलेला हात हातात घेतला. खिडकीबाहेर कडे काळे झाले होते.

"परत रचलीस?" नेड्राने विचारलं.

"रचली."

"गोटा?"

"वरच ठेवलाय," वर्ला म्हणाली. "दुरून दिसेल असा."