कापसाच्या खोलीतली हाक

"ये वं माय, बस जराशी..."

आतून बाईचा आवाज आला आणि मी चपला काढून ओट्यावर टेकलेसुद्धा!

नांदुऱ्यात मामांचं घरं-प्लॉट विकण्याचं ऑफिस आहे. जाहिराती मी लिहिते. नवा कायदा आल्यापासून मामांची झोप उडालीय. खोटं छापलं तर एजंटचं लायसन गेलंच! म्हणून प्रत्येक घर आधी मी पाहून यायचं. आज हे.

तेवढ्यात फाटक वाजलं. घराचा मालक, हरिओम. उंच, सावळा, हातात किल्ली... आणि डोळे असे, की बाई गं, मी कशाला आले तेच विसरले.

"तुमी कोणाशी बोलून राह्यल्या?"

"तुमच्या आईशी. आत बोलावताहेत ना!"

त्याचा चेहरा उतरला. "आईले जाऊन तीन वर्षं झाली."

दाराला भलंमोठं कुलूप होतं. मला ते दिसलंच नव्हतं. त्यानं उघडलं. खोलीभर कापूस, भाव चढेल म्हणून साठवलेला. ढिगावर मधोमध खळगा... नुकतंच कोणी बसून उठल्यासारखा.

"मी रोज बुजवतो, रोज पडते," हरिओम हळूच म्हणाला. "आई इथंच बसे. वावरातून आलेल्या पोरींच्या केसांतला कापूस काढत जाय. पण हे लिहू नका हो! बीटी कपाशीतही बोंडअळी पडली, शेतीत मन नाही राह्यलं. घर विकलं की मी पुण्याले नोकरीवर जातो."

पुण्याला! आत्ताच तर भेटला होता.

"लिहावं लागेल. कायदा आहे."

"कायद्यात भूत कुठं आहे?"

"खरं सांगा, एवढंच आहे." मी तिथंच लिहून कागद त्याच्या हाती दिला.

"'तीन खोल्या, नळ, अंगणात लिंब. मालकाची आई प्रेमानं आत बोलावते...' अवो, हे वाचून कोण येईन?"

"नाही आलं कोणी, तर जाणार नाही ना?"

"मंग एकटा राहू काय इथं?"

"एकटं काऊन? मले बोलावलंय की आत."

त्यानं कागदावरची नजर वर केली. "खरं सांगून राह्यली?"

"खोटं लिहायची सोय नाही आता..."

"मंग मीही खरं सांगतो. तू ओट्यावर दिसली, तवाच वाटलं, हिनं जाऊ नये."

लाजून मी त्या खळग्याशेजारी बसले. हरिओम समोर उभा होता, दोन्ही हातांत तो कागद धरून. आणि मागून कोणीतरी माझ्या केसांतला कापूस अलगद काढू लागलं.

मी मान खाली घातली... आईसमोर घालतात तशी.