जात्याची वरची तळी

पटो वा न पटो, हे घडलंय. पौडच्या पेठेतली जुनी माणसं आजही सांगतील. फक्त दिवेलागणीला विचारू नका.

१९८३ सालचा मे महिना. शब्बीर मास्तर शाळेत शिकवायचे आणि विज्ञानकथा लिहायचे. परग्रहावरची माणसं रंगवायची तर नुसती यानं उडवून भागत नाही. त्यांची चूल कशी, मेलेल्यांना ती काय देतात, हे आधी ठरवावं लागतं, असं त्यांचं मत. म्हणून ते उत्खननाची पुस्तकं वाचायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचे.

त्या उन्हाळ्यात मुळशी धरणाचं पाणी पार खाली गेलं. बुडालेल्या गावाची जोती उघडी पडली. तिथं मेंढरं चारणाऱ्या तुकाबाईनं एका जोत्यावरचं जातं दाखवलं.

"गाव उठलं तवा सासूनं मुद्दाम ठिवलं. मागं राहिलेल्यांला दळाय लागतंय."

"मागं कोण राहिलं?"

"आमची मेलेली मानसं. त्यांला कुटं नेनार? हात लावू नका, मास्तर."

मास्तरांना कथा सापडली. पण हाव वाईट. तुकाबाई वळताच त्यांनी जात्याची वरची दगडी तळी उचलून सायकलच्या कॅरियरला बांधली. लिहिताना समोर असावी, एवढंच.

कथा झकास उतरली.

आषाढातली संध्याकाळ. मास्तर ओटीवर बसलेले. आणि आतून...

घर्र... घर्र...

"अवो, काय दळताय?" त्यांच्या बायकोनं, हसिनानं, चुलीपासून विचारलं.

मास्तर आत धावले. तळी टेबलावर निपचित होती. तिच्याभोवती लाकडावर गोल ओरखडा... आणि पाणी.

मास्तरांना भीतीपेक्षा लाज वाटली. मेलेल्यांच्या तोंडचा घास काढला होता त्यांनी. सकाळीच ते तळी घेऊन धरणावर गेले. जोती केव्हाच बुडाली होती. त्यांनी काठावरूनच ती पाण्यात सोडली आणि तुकाबाईला गाठून सगळं सांगितलं.

"कुन्या जोत्याम्होरं सोडली?"

"जोती दिसतच नव्हती. काठावरूनच सोडली."

"मग त्यांला कशी घावंल?" म्हातारी म्हणाली. "आता दारोदार हुडकत फिरतील."

त्याच दिवशी दिवेलागणीला पेठेत कडी वाजली. पहिल्या घराची... मग शेजारची...

मग मास्तरांची.

दार उघडलं. कुणीच नव्हतं. फक्त एक दमलेला, बाईचा आवाज...

"आमची तळी हितं आलीया का?"

"नाही," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं, आणि तेच त्यांना सोसवेना.

मास्तरांनी लिहिणं सोडलं. दर आषाढात ते उंबऱ्याबाहेर सुपात पीठ ठेवतात.

सकाळी पीठ तसंच, कोरडं असतं. उंबरा ओला असतो.